पोईचं पाणी

ब्रह्मदेशात बगानच्या जुन्या देवळांकडे जाणाऱ्या एका मातीच्या रस्त्यावर, कडुनिंबाच्या सावलीत, एक लाकडी घडवंची दिसली. वर बेताचं छप्पर, त्याखाली दोन माठ, माठांवर झाकण्या आणि एका झाकणीवर पालथा घातलेला स्टीलचा पेला. एप्रिलचं ऊन होतं. जवळपास माणूस नव्हता. माठाला हात लावला तर तो बाहेरून ओलसर, गार लागला. दोन पेले पाणी प्यायलो आणि पेला होता तसा पालथा घातला. छपराच्या पट्टीवर बर्मी अक्षरं रंगवली होती. घोडागाडीवाल्यानं सांगितलं, घडवंची बसवणाऱ्या नवराबायकोची ती नावं.

तिकडे हिला ‘येओझिन’ म्हणतात. ये म्हणजे पाणी, ओ म्हणजे माठ आणि झिन म्हणजे मांडणी. माझ्या तोंडी मात्र आपसूक ‘पाणपोई’ आलं, आणि परत आल्यावर त्या शब्दाचाच माग काढावासा वाटला.

पाणपोईतली ‘पोई’ म्हणजे संस्कृतातली ‘प्रपा’. प्राकृतात तिची ‘पवा’ झाली आणि मराठीत येईपर्यंत ‘पोई’. हा शब्द आपल्याकडे किती जुना आहे हे पाहायचं तर नाशिकला त्रिरश्मी लेण्यांवर चढावं. दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा लेख आहे. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक, म्हणजे आपलं सोपारा, इथे त्यानं प्रवाशांसाठी चौसोपी निवारे बांधले, विहिरी आणि तळी खोदली. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका या सहा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. आणि या नद्यांच्या दोन्ही तीरांवर त्यानं सभा आणि प्रपा केल्या.

या ‘दोन्ही तीरांवर’पाशी मी प्रत्येक वेळी थांबतो. नदीकाठी, समोर एवढं पाणी वाहत असताना, पिण्याच्या पाण्याची वेगळी सोय कशाला? ज्यानं ती केली त्यानं नावेची वाट पाहत उन्हात बसलेला माणूस पाहिला असणार. खाडीजवळचं खारट पाणी, पावसाळ्यातलं गढूळ पाणी त्याला ठाऊक असणार. अलीकडचा तहानेला असतो तसा पलीकडचाही असतो, हे त्याच्या ध्यानात होतं. उषवदात शक कुळातला. त्याने ब्राह्मणांनाही दानं दिली आणि बौद्ध भिक्षूंनाही. नावेत बसणारा आणि प्रपेवर थांबणारा मात्र कोणीही असू शकत होता.

त्याच्याही मागे गेलं की अशोक भेटतो. गिरनारच्या लेखात रस्त्यांवर विहिरी खोदल्या, झाडं लावली, ती पशूंसाठी आणि माणसांसाठी, असं तो सांगतो. दिल्लीत फिरोजशाह कोटल्यावर उभ्या असलेल्या स्तंभावर वडाची झाडं, आमराया, विश्रामस्थानं आणि ठिकठिकाणची ‘आपानं’, म्हणजे पाणी पिण्याच्या जागा, येतात. लगेच पुढे तो सांगतो की असली सुखं आधीच्या राजांनीही लोकांना दिली होती. म्हणजे अशोकाच्याही आधी कुणीतरी रस्त्याकडेला पाणी भरून ठेवत होतं. त्यांची नावं उरली नाहीत.

पाली ग्रंथांत हीच प्रपा ‘पपा’ होते. संयुत्त निकायातल्या एका छोट्या सुत्तात झाडं लावणारे, पूल बांधणारे आणि पपा घालणारे यांचं पुण्य रात्रंदिवस वाढत राहतं, असं सांगितलं आहे. पालीबरोबर ही समजूत ब्रह्मदेशात पोचली. तिथे पुण्याला ‘कुथो’ म्हणतात, आणि तो शब्द पाली ‘कुसल’वरून आलेला, म्हणजे आपल्या ‘कुशल’चाच सोयरा.

पाण्याची अशी सोय इतरत्रही दिसते. नेपाळात पाटणला मंगहिटी हा इ.स. ५७०चा मानला जाणारा दगडी धारा, म्हणजे पाण्याचा नळ, अजून वाहतो. जपानच्या शिकोकू बेटावर ८८ देवळांची पायी यात्रा चालते. तिथल्या डोंगराळ गावांत गवताने शाकारलेल्या, तीन बाजूंनी उघड्या पडव्या आहेत. गावकरी तिथे पाळीपाळीने बसून वाटसरूला चहा पाजत. पाण्याचा चहा झाला, बाकी रीत तीच.

आपल्याकडे प्रपा धर्मशास्त्रात शिरली. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९०च्या सुमारास लिहिलेल्या धर्मसिंधूत गुढीपाडव्यापासून प्रपादान सुरू करायला सांगितलं आहे. ज्याला पोई घालणं झेपत नाही त्यानं रोज गार पाण्याचा एक घडा द्यावा, हीही सोय आहे. पोई घालताना म्हणायचं ते असं: ही प्रपा सर्वांना सारखी आहे, सर्व भूतांसाठी आहे, हिच्या दानानं आमचे पितर तृप्त होवोत. आजही पाणपोईवर ‘यांच्या स्मरणार्थ’ अशी पाटी असते, तिची मुळं इथवर पोचतात.

सर्वांना सारखी! हे म्हणणाऱ्या समाजातच तहानलेल्याला आधी जात विचारली जाई, आणि मग कुणाच्या ओंजळीत उंचावरून पाणी सोडलं जाई, कुणाला तेही नाही. मला हे वगळून पाणपोईची गोष्ट सांगता येत नाही. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १९२३ साली मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव झाला आणि पुढे महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचं जाहीर केलं. कागदावर खुलं झालेलं ते पाणी ओंजळीत घ्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. त्या दिवशी बाबासाहेब आंबेडकर तळ्याच्या पायऱ्या उतरले आणि हजारोंनी त्यांच्या मागोमाग पाणी प्यायलं. त्यानंतर वरच्या जातींनी ते तळं ‘शुद्ध’ करून घेतलं. प्रपेच्या मंत्रातला ‘सर्वांना’ हा शब्द त्या तळ्याकाठी पणाला लागला होता.

बगानच्या त्याच रस्त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेलो. एक वयस्क बाई माठ रिकामे करत होत्या. आदल्या दिवशीचं उरलेलं पाणी त्यांनी कडुनिंबाच्या बुंध्याशी ओतलं, काथ्यानं माठ आतून घासले, खळबळले आणि प्लॅस्टिकच्या कॅनमधून नवं पाणी भरलं. पेला धुऊन पालथा घातला. घडवंचीखाली एका फुटक्या माठाचं बूड ठेवलेलं होतं, आदल्या दिवशी ते माझ्या नजरेतून सुटलं होतं. त्यांनी वाकून त्यातही पाणी भरलं. त्या वळून चालू लागल्या, आणि बुंध्यामागून एक पिवळं कुत्रं उठून त्या बुडापाशी आलं.