शिलालेख ते संगणक : लिपीचा प्रवास

अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख आहे. शिलाहार राजा माम्वाणीच्या काळातला हा लेख आजही वाचता येतो. भाषा बोलण्याने जगते हे खरे, पण पुढच्या पिढ्यांपर्यंत ती पोहोचते लिपीच्या आधाराने.

मंदिराजवळच उल्हासनगर आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले. १९४९ साली वसाहतीचे नामकरण झाले. सोबत त्यांनी ५२ अक्षरांची, १८५३ मध्ये प्रमाणित झालेली अरबी वळणाची लिपी आणली होती. ती ठेवावी की देवनागरी घ्यावी, हा वाद सुरू झाला. १९६७ मध्ये सिंधी आठव्या अनुसूचीत आली, पण लिपीचा वाद मिटला नाही. दरम्यान मुले इंग्रजी शाळांकडे वळली.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले झाले. देवनागरी सिंधीतील, खाली रेघ असलेल्या चार खास अक्षरांना युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २००६ साली. तोवर रोमन अक्षरांची सवय जडली होती.

उर्दूचीही कथा वेगळी नाही. मिर्झा अहमद जमील यांच्या नूरी नस्तालीकने १९८१ मध्ये कातिबाची लेखणी यंत्रात आणली. पुढे इनपेज आले. तरीही उर्दू वृत्तपत्रे कित्येक वर्षे इंटरनेटवर चित्ररूपानेच झळकत राहिली, आणि चित्रातला शब्द शोधता येत नाही. मराठीतही एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर अगम्य चिन्हे होऊन उमटे. युनिकोडने ही अडचण बरीचशी दूर केली.

आता अडचण सवयीची आहे. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आमचे विद्यार्थी मोबाइलवर उर्दू लिहितात ती रोमनमध्ये. 'से'ने लिहिलेला सवाब म्हणजे पुण्य, 'स्वाद'ने लिहिलेला सवाब म्हणजे योग्य, बिनचूक. रोमनमध्ये दोन्ही एकच होतात. से, सीन, स्वाद यांतला फरक बोटांना उरला नाही, तर उद्या तो डोळ्यांनाही उरणार नाही. मग आजोबांची पत्रे नातवंडांना कोण वाचून दाखवणार?

सिंधी बांधवांना यंत्राची वाट पाहावी लागली; आम्हांला तशी सबब नाही. मोबाइलवर उर्दू आणि मराठी कळफलक सुरू करायला पाच मिनिटे पुरतात. ती पाच मिनिटे शिक्षकांनी आणि पालकांनी द्यायला हवीत.