७. ‘अर्ज न्यायाधिकरणाकडे वर्ग झाला’

मजकुरात उल्लेखिलेला काळेवाडीचा कारखाना खाजगी कंपनीच्या मालकीचा असल्यामुळे, देणी थकल्यावर ती कंपनी गुंडाळण्याचा धनकोचा अर्ज पुण्याच्या जिल्हा न्यायालयात नव्हे, तर मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाला होता. २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता आल्यावर, त्याच वर्षी १५ डिसेंबरपासून अंमलात आलेल्या नियमांनी, अशा अर्जांपैकी ज्यांची प्रतिपक्षावर बजावणी झालेली नव्हती तेवढे राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे वर्ग केले; बजावणी झालेले अर्ज उच्च न्यायालयाच्याच दप्तरी राहिले, आणि त्यांतील कोणत्याही पक्षकारास ते वर्ग करून मागण्याची मुभा पुढे २०१८ च्या दुरुस्तीने मिळाली. न्यायाधिकरणाचे कोणते पीठ, हे कारखान्याच्या जागेवरून नव्हे, तर कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयावरून ठरते; महाराष्ट्रातील कंपन्यांसाठी ते मुंबई पीठ होय. हाच धंदा एकट्या मालकाच्या नावे असता, तर १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्यान्वये प्रकरण पुण्यातच चालले असते. १९०९ चा नादारी कायदा मुंबईसारख्या इलाखा-शहरांपुरताच होता. वर्ग झालेला अर्ज न्यायाधिकरणाने दाखल करून घेतल्यावर थकीत वेतनाचा दावा जाहीर प्रकटनातील मुदतीत हंगामी निराकरण व्यावसायिकाकडे नोंदवावा लागतो. पुढील प्रकरणातील कामगारांची मुंबईस जाण्याची घाई या मुदतीमुळे होती, हे वाचकाने ध्यानी ठेवावे. — संपा.