अनवाणी पायांची गोष्ट

1986 च्या जून महिन्यात आपल्या बॅचला दोनच गोष्टींची ओढ लागली होती. एक दहावीच्या निकालाची आणि दुसरी रात्री उशिरा दूरदर्शनवर लागणाऱ्या मेक्सिकोच्या विश्वचषकाची. ज्यांच्या घरी टीव्ही होता त्यांच्या ओसरीवर आपण दाटीवाटीने बसायचो. मॅराडोना इंग्लंडच्या खेळाडूंना एकामागून एक चकवत गेला, त्या रात्री कोणीतरी विचारले, "काय भो, यात आपला भारत का नाही?"

उत्तर आपल्याकडे तयार होते, कारण ते वर्गात ऐकलेले होते. 1950 साली भारताचा विश्वचषकात नंबर लागला होता. पण आपल्या खेळाडूंकडे बूट नव्हते आणि अनवाणी खेळू देत नाहीत, म्हणून संघ गेला नाही. आपण हळहळलो आणि पुन्हा मॅराडोनाकडे वळलो.

पुढे मी इतिहासाचा शिक्षक झालो आणि हीच गोष्ट वर्षानुवर्षे माझ्या वर्गांना सांगत राहिलो. मुलेही हळहळायची. ही गोष्ट खरी नाही, हे फार उशिरा कळले. तोवर तिच्यावर विश्वास ठेवणाऱ्या कितीतरी बॅचेस शाळेतून बाहेर पडल्या होत्या. चाळीस वर्षांनी आपण पुन्हा भेटतो आहोत, तर निदान आपल्या बॅचपुरती ही चूक दुरुस्त करावी, म्हणून हा लेख.

आधी 1948 पाहू. लंडन ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताचा पहिला फुटबॉल संघ उतरला. त्यातले बहुतेक खेळाडू अनवाणी होते, काहींच्या पायांना नुसत्या पट्ट्या गुंडाळलेल्या होत्या. 31 जुलैला फ्रान्सविरुद्ध भारत 2-1 असा हरला. सारंगपाणी रामन यांनी भारताचा गोल केला, दोन पेनल्टी वाया गेल्या आणि फ्रान्सचा विजयी गोल अगदी शेवटी झाला. म्हणजे अनवाणी पायांनी आपण युरोपातल्या एका चांगल्या संघाला शेवटच्या मिनिटांपर्यंत झुंजवले होते. कोणी अडवले नव्हते, उलट इंग्रज प्रेक्षकांनी त्यांचे कौतुकच केले.

आता 1950. ब्राझीलच्या विश्वचषकासाठी पात्रता फेरीत भारताच्या गटात ब्रह्मदेश, इंडोनेशिया आणि फिलिपिन्स हे संघ होते. तिघांनीही माघार घेतली आणि भारत एकही सामना न खेळता पात्र ठरला. गटवारी झाली तेव्हा भारताच्या वाट्याला इटली, स्वीडन आणि पॅराग्वे आले. इटली तेव्हाचा विश्वविजेता होता. शैलेन मन्ना आपले कर्णधार होणार होते. प्रवासखर्चाचा मोठा भाग उचलायची यजमानांची तयारी होती, असे सांगतात. तरीही संघ गेला नाही. सरावाला पुरेसा वेळ नाही आणि संघनिवडीबाबत मतभेद आहेत, अशी कारणे तेव्हा देण्यात आली. प्रवास लांबचा, समुद्रमार्गाचा होता, हेही खरे. पण मुळातले कारण पुढे खुद्द मन्ना यांनी सांगितले: आपल्या फुटबॉल महासंघाला विश्वचषकाचे महत्त्वच वाटत नव्हते. त्यांच्या लेखी ऑलिंपिक हीच सर्वांत मोठी स्पर्धा होती.

बुटांची गोष्ट मग कुठून आली? तिचा आधार नेमका कुठे ढासळतो, ते 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकवरून कळते. तिथेही भारताचे अनेक खेळाडू अनवाणी खेळले आणि युगोस्लाव्हियाकडून भारत 10-1 असा हरला. त्या पराभवानंतर महासंघाने बूट सक्तीचे केले. म्हणजे 1948 ला अनवाणी चालले, 1952 लाही चालले. मग मधल्याच 1950 मध्ये केवळ अनवाणी पाय आड आले, हे पटत नाही. गोष्ट टिकली ती ऐकायला बरी वाटते म्हणून. गरिबी आड आली असे म्हटले की कोणाचा दोष राहत नाही. आलेली संधी आपणच ओळखली नाही, असे म्हणायला मात्र जड जाते.

संघ कमकुवत होता, असेही नाही. विश्वचषक संपून वर्षही झाले नव्हते, तोच मार्च 1951 मध्ये दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत भारताने इराणला 1-0 असे हरवून सुवर्णपदक घेतले. आणि 1956 ची गोष्ट तर मला फार बोलकी वाटते. मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताची पहिली लढत हंगेरीशी होती. हंगेरीचा संघ आलाच नाही, त्यामुळे भारत न खेळताच पुढे गेला. अगदी 1950 सारखेच! पण या वेळी आपला संघ मैदानावर हजर होता. पुढच्या सामन्यात 1 डिसेंबरला त्याने ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच देशात 4-2 असे हरवले. चारपैकी तीन गोल नेव्हिल डिसूझा यांचे. मूळचे गोव्याचे आणि मुंबईत खेळणारे डिसूझा ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे पहिले आशियाई खेळाडू ठरले. भारत चौथा आला. फुकट मिळालेल्या संधीचेही सोने करता येते, फक्त तिथे हजर असावे लागते.

त्यानंतरचा इतिहास थोडक्यात सांगतो. 1960 च्या रोम ऑलिंपिकसाठी भारत पात्र ठरला आणि ते पुरुषांच्या फुटबॉलमधले आपले आजवरचे शेवटचे ऑलिंपिक. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत भारत प्रत्यक्ष मैदानात उतरला तो थेट 1985 साली. आपण दहावीची तयारी करत होतो तेव्हा भारत इंडोनेशिया, थायलंड आणि बांगलादेश यांच्याशी झुंजत होता. सहा सामन्यांत दोन विजय, तीन बरोबरी, एक पराभव. गटात दुसरा क्रमांक आला, पण पुढे जाणार होता फक्त पहिला. त्या ओसरीवरच्या प्रश्नाचे खरे उत्तर हे होते आणि ते आपल्यापैकी कोणालाच माहीत नव्हते. 2001 मध्ये तर बेंगळुरूला संयुक्त अरब अमिरातीला 1-0 असे हरवूनही भारत गटात एका गुणाने मागे राहिला. अमिरातीचे 12 गुण, आपले 11. आणि गेल्याच ऑक्टोबरात मडगावच्या मैदानावर सिंगापूरकडून 2-1 असे हरल्यामुळे 2027 च्या आशिया चषकाचे दारही बंद झाले.

हे पराभव मला खुपतात, पण लाज वाटत नाही. पेपर दिला, मार्क कमी पडले. निकालपत्रात नापासासमोर निदान गुणांचा आकडा असतो. गैरहजर असणाऱ्यासमोर नुसती रेघ असते.

तशी एक रेघ आपल्या महाराष्ट्रातही ओढली गेली. जानेवारी 2022 मध्ये महिलांचा आशिया चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला. विश्वचषकाची तिकिटे याच स्पर्धेतून मिळणार होती. 20 जानेवारीला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी इराणशी 0-0 अशी बरोबरी केली. 23 तारखेला चायनीज तैपेईशी सामना होता. तोवर संघात करोना शिरला होता आणि नियमाप्रमाणे लागणाऱ्या 13 खेळाडूही उभ्या करता आल्या नाहीत. सामना झाला नाही, भारताने माघार घेतली असे धरले गेले आणि खेळलेला सामनाही हिशेबातून गेला. यजमान आपण, मैदान आपले आणि स्पर्धेबाहेरही आपणच. 1950 ला जाता येत असून गेलो नाही. 2022 ला उभे राहायचे होते, पण राहू दिले गेले नाही. कागदावर दोन्हीकडे शब्द एकच, माघार. इतिहास शिकवणाऱ्याने या एका शब्दामागच्या दोन वेगळ्या गोष्टी वेगळ्याच सांगायला हव्यात.

त्या मुलींनी पुढे काय केले, तेही सांगायला हवे. जून-जुलै 2025 मध्ये थायलंडमधल्या चियांग माई इथे पात्रता फेरी झाली. भारताने मंगोलियावर 13, तिमोर-लेस्तेवर 4 आणि इराकवर 5 गोल केले, आणि तिन्ही सामन्यांत एकही गोल होऊ दिला नाही. 5 जुलैला शेवटचा सामना थेट यजमान थायलंडशी होता. संगीता बासफोर हिच्या दोन गोलांमुळे भारत 2-1 असा जिंकला. पात्रता फेरी खेळून, जिंकून आशिया चषकात जाण्याची भारतीय महिलांची ही पहिलीच वेळ. ती स्पर्धा मार्च 2026 मधली, ऑस्ट्रेलियातली.

आता थोडे आपल्याविषयी. आपल्या वर्गात एक जण होता. नाव लिहीत नाही, कारण तो मेळाव्याला येणार आहे. नववीत त्याची जिल्ह्याच्या निवड चाचणीसाठी निवड झाली होती. जळगावला जायचे होते, गाडीने दोन तासांचा रस्ता. तो गेला नाही. आपण सगळे समजत होतो की घरी भाड्याचे पैसे नसावेत. मध्यंतरी स्टेशनवर भेटला तेव्हा मी विचारले. तो हसून म्हणाला, "भाडं होतं रे. खेळायला जायचं म्हणजे काय, हेच घरी कोणाला कळलं नाही. मलाही नाही." आणि आपल्या वर्गातल्या मुली? धावण्यात त्या आपल्याला मागे टाकायच्या. पण खो-खो आणि लंगडीच्या पुढे त्यांच्या पायाशी कोणी चेंडू टाकला नाही. त्यांच्यासाठी तर निवड चाचणीच नव्हती.

मागच्या महिन्यात मी नववीच्या वर्गावर 1950 ची गोष्ट पुन्हा सांगितली, या वेळी खरी. मुले हळहळली नाहीत. ती चिडली. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "मग सर, गेले का नाहीत? मी असते तर गेले असते." मला उत्तर सुचले नाही, पण बरे वाटले.

मेळाव्यात शाळेला भेट काय द्यायची, याची चर्चा ग्रुपवर चालू आहे. घड्याळ, कपाट, पंखे अशी नावे आली आहेत. माझी सूचना एवढीच: मुलींसाठी फुटबॉल, बुटांचे जोड आणि निवड चाचणीला जाणाऱ्या प्रत्येक मुलामुलीच्या गाडीभाड्यासाठी एक छोटी ठेव. तिथे जाऊन ती हरली तरी चालेल. शाळेच्या फळ्यावर त्यांच्या नावापुढे रेघ नसावी.