एकच विधी, दोन भूमिका
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

जून १९३१ मध्ये जिनिव्हा शहरात एक परिषद भरली होती. विषय होता आफ्रिकेतील मुले. परिषद भरवली होती ‘सेव्ह द चिल्ड्रन’ या संस्थेने. पहिल्या महायुद्धानंतर युरोपातल्या उपाशी मुलांच्या तोंडात घास पडावा म्हणून एग्लन्टाइन जेब या इंग्रज बाईंनी १९१९ मध्ये हे काम उभे केले. बालहक्कांचा १९२४ चा जिनिव्हा जाहीरनामाही याच बाईंच्या खटपटीतून आला. १९३१ ची परिषद भरली तेव्हा त्या हयात नव्हत्या.

या परिषदेत काही युरोपीय प्रतिनिधींनी मागणी केली, की आफ्रिकेत मुलींची सुंता करण्याची जी रानटी चाल आहे ती कायद्याने बंद करावी. चर्चा बरीच झाली. शेवटी बहुमत पडले ते दुसऱ्या बाजूला. कायद्याचा बडगा नको, शिक्षणाने लोकांचे मन वळवावे आणि बदलत्या काळात कोणती चाल ठेवायची हे ज्यांचे त्यांना ठरवू द्यावे, असे ठरले. ही हकीकत आपल्याला वाचायला मिळते जोमो केन्याटा यांच्या ‘फेसिंग माउंट केनया’ या १९३८ च्या पुस्तकात. पुढे स्वतंत्र केनियाचे पहिले अध्यक्ष झाले तेच हे केन्याटा, आणि ते या चालीचे जाहीर समर्थक होते.

मुलांच्या रक्षणासाठी जन्मलेली संस्था मुलींच्या अंगावर चालणाऱ्या पात्याबद्दल ‘थांबा, समजावून सांगा’ असे म्हणते, हे वाचून आज आपल्याला धक्का बसतो. विषय चारचौघांत बोलायचा नाही असे आपण मानतो. पण त्या ठरावामागे काय घडले होते ते पाहिल्याशिवाय या संस्थांच्या पुढच्या भूमिका कळत नाहीत.

केनियातील किकुयू समाजात ‘इरुआ’ नावाचा विधी असे. मुलगा असो वा मुलगी, वयात येताना इरुआ झाल्याशिवाय त्याला माणूस म्हणून गणत नसत. मुलग्यांच्या लिंगाच्या टोकावरची कातडी काढली जाई, मुलींच्या बाह्य जननेंद्रियाचा भाग कापला जाई. एका हंगामात इरुआ झालेली मुले-मुली एका पिढीची म्हणून ओळखली जात आणि त्या पिढीला त्या वर्षाच्या घटनेवरून नाव पडे. इरुआ न झालेल्या मुलीशी लग्न करायला कोणी तयार नसे. शब्द एकच, सोहळा एकच. मिशनऱ्यांनी मात्र त्याचे दोन भाग केले. मुलग्यांच्या सुंतेला त्यांची हरकत नव्हती. बायबलातच ती आहे. हरकत होती ती मुलींच्या इरुआला. बाळंतपणात या जखमांचे काय होते हे मिशनच्या दवाखान्यांतले डॉक्टर रोज पाहत होते, तेव्हा त्यांची कळकळ खोटी म्हणता येणार नाही.

चुकली ती रीत. १९२९ मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंड मिशनचे डॉ. जॉन आर्थर यांनी शिक्षकांकडून आणि चर्चच्या सभासदांकडून प्रतिज्ञेवर सही किंवा अंगठा मागितला. मुलींची सुंता सोडतो एवढ्यावर ती प्रतिज्ञा थांबत नव्हती. किकुयू सेंट्रल असोसिएशन ही राजकीय संघटनाही सोडतो, असे त्यात होते. ही संघटना गोऱ्या मळेवाल्यांनी बळकावलेल्या जमिनी परत मागत होती. म्हणजे मुलीचे शरीर आणि बापाची जमीन एकाच कागदावर आली! अंगठ्याच्या ठशाला किकुयू भाषेत ‘किरोरे’ म्हणतात. तो शब्दच शिवीसारखा झाला. माणसे मिशनमधून भराभर बाहेर पडली आणि त्यांनी स्वतःच्या स्वतंत्र शाळा काढल्या. ‘मुथिरिगु’ नावाचे मिशनऱ्यांची टिंगल करणारे नाचगाणे गावोगाव पसरले, ते सरकारने बंद केले. जानेवारी १९३० मध्ये किजाबे येथे हल्डा स्टम्फ या वयस्क अमेरिकन मिशनरी बाईंचा खून झाला. खुनाच्या कारणाबद्दल वाद आहे, पण लंडनपर्यंत हादरा बसला. तिथे पार्लमेंटात हा प्रश्न डिसेंबर १९२९ मध्येच डचेस ऑफ अथोल आणि एलिनॉर रॅथबोन या दोन महिला सदस्यांनी मांडला होता.

मराठी वाचकाला हे ऐकताना पुण्याची आठवण व्हावी. १८९१ चे संमतिवयाचे बिल, कलकत्त्याच्या फुलमणीचा मृत्यू, आणि परक्या सरकारने आमच्या घरात कायदा करू नये हे टिळकांचे म्हणणे. आगरकरांनी त्या वेळी विचारलेला प्रश्न साधा होता: मग त्या मुलीचे काय? केनियात आगरकरांची जागा रिकामी होती असे नाही. मुलींची सुंता सोडलेली किकुयू ख्रिस्ती कुटुंबे होती, पण त्या गदारोळात त्यांचा आवाज कोणाला ऐकू आला नाही. जिनिव्हाच्या परिषदेवर या सगळ्याची सावली होती.

कायद्याचा मार्ग चोखाळला गेला तेव्हा काय झाले, याचेही दाखले आहेत. सुदानमध्ये इंग्रजी अमलात १९४६ च्या सुमारास सर्वांत भयंकर प्रकारावर बंदी आली. त्यात मुलीचा अवयव कापून जखम शिवून टाकत आणि अगदी लहान छिद्र ठेवत. रुफाआ गावात एका आईला या कायद्याखाली तुरुंगात टाकले, तर लोकांनी तुरुंगावर चालून जाऊन तिला सोडवले. केनियाच्या मेरू भागात १९५६ मध्ये वडीलधाऱ्या पुरुषांच्या परिषदेने बंदी घातली. तिथल्या मुलींनी काय करावे? त्यांनी रानात जाऊन एकमेकींची सुंता केली. या मुलींना ‘न्गाइताना’ असे नाव पडले. अर्थ, ‘मी माझे मीच कापीन.’ मुलींच्या रक्षणासाठी केलेला कायदा मोडायला मुलीच पुढे आल्या, कारण कापल्याशिवाय बाई होता येत नाही हेच त्यांना लहानपणापासून शिकवलेले होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर संयुक्त राष्ट्रसंघ आला. १९५८ मध्ये संघाच्या आर्थिक व सामाजिक परिषदेने जागतिक आरोग्य संघटनेला या चालींचा अभ्यास करायला सांगितले. १९५९ मध्ये आरोग्य संघटनेने उत्तर दिले, की या विधींचे मूळ सामाजिक आणि सांस्कृतिक आहे, ते आमच्या कक्षेबाहेर आहे. जखम, रक्तस्राव, जंतुसंसर्ग हे आरोग्याच्या कक्षेबाहेर! पण वसाहती स्वतंत्र होत असताना नव्या देशांना दुखवायचे नाही, असा तो काळ होता. चित्र पालटले ते खुद्द आफ्रिकेतल्या बायका बोलू लागल्यावर. इजिप्तच्या नवाल अल सादावी या डॉक्टर होत्या आणि स्वतः या प्रकारातून गेल्या होत्या. सुदानच्या अस्मा अल दरीर यांनी हजारो स्त्री-पुरुषांची पाहणी केली. १९७९ मध्ये आरोग्य संघटनेनेच सुदानची राजधानी खार्टूम येथे परिसंवाद भरवला. निदान दवाखान्यात स्वच्छ हत्यारांनी करू द्या, ही सूचना तिथे आली आणि फेटाळली गेली. चाल समूळ बंद व्हावी, अशी शिफारस झाली.

मग आला १९८९ चा बालहक्क करार. भारताने तो १९९२ मध्ये मान्य केला. या करारातल्या चोविसाव्या कलमाचे तिसरे उपकलम लक्षात ठेवण्यासारखे आहे. मुलांच्या आरोग्याला घातक अशा परंपरागत चाली नाहीशा करण्यासाठी सर्व परिणामकारक उपाय योजावेत, एवढेच ते सांगते. मसुदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे मुलींची सुंता होती. पण कलमात तिचे नाव नाही, आणि ‘मुलगी’ हा शब्दही नाही. तिथे आहे ‘मूल’. १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि लोकसंख्या निधी यांनी संयुक्त निवेदन काढून मुलींच्या बाबतीत शंका ठेवली नाही. कोणताही प्रकार नको, डॉक्टरच्या हातूनही नको. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने एप्रिल २०१० मध्ये एक पळवाट सुचवून पाहिली: आईबाप मुलीला परदेशी नेऊन कापून आणण्यापेक्षा डॉक्टरने नुसती टोचणी द्यावी. इतका गहजब झाला, की मे महिन्यातच अकादमीने ती सूचना मागे घेतली.

निवेदने निघाली, पण गावात काय? त्याच १९९७ मध्ये, ३१ जुलैला, सेनेगलमधल्या मालिकुंडा बंबारा या गावच्या बायकांनी पत्रकारांसमोर जाहीर केले, की आम्ही आमच्या मुलींना कापणार नाही. ‘तोस्तान’ ही संस्था तिथे बायकांसाठी त्यांच्याच भाषेत वर्ग चालवत होती. त्यात आरोग्य होते, हिशेब होता, हक्क होते. सुंता बंद करा असा तिचा कार्यक्रम नव्हता. या बायकांवर शेजारच्या गावांनी टीकेची झोड उठवली. तेव्हा केर सिंबारा गावचे वृद्ध इमाम देंबा जावारा यांनी फार मोलाचा मुद्दा काढला. आमच्या मुली दहा गावांत दिल्या जातात, म्हणाले, एका गावाने सोडून भागणार नाही. आणि ते पायी त्या गावांत गेले. फेब्रुवारी १९९८ मध्ये तेरा गावांनी एकत्र घोषणा केली. चीनमध्ये मुलींचे पाय बांधण्याची चाल अशीच मोडली होती. आम्ही मुलीचे पाय बांधणार नाही आणि पाय बांधलेली सून करणार नाही, अशा शपथा कुटुंबांनी मिळून घेतल्या होत्या. लग्नाचा बाजार एकत्र बदलला तरच एकट्या आईला धीर येतो. सेनेगलमध्ये कायदा १९९९ मध्ये, म्हणजे त्या घोषणेनंतर आला. त्याने सगळे संपले असे नाही. २०१७ च्या पाहणीतही तिथल्या सुमारे चौथा हिस्सा स्त्रिया कापलेल्या होत्या. केनियाचे आकडे अधिक बोलके आहेत. १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत १९९८ मध्ये हे प्रमाण सुमारे ३८ टक्के होते, २०२२ मध्ये १५ टक्के. २०११ चा कडक कायदा तिथे आहे. तो केनियाच्याच संसदेने केला. गांबियात हाच कायदा रद्द करण्याचा घाट घातला गेला, तो तिथल्या संसदेने जुलै २०२४ मध्ये हाणून पाडला.

आता इरुआच्या दुसऱ्या अर्ध्याकडे वळू. मुलग्यांचे काय? बालहक्क संस्था त्याबाबत बराच काळ गप्प होत्या, आणि बोलल्या तेव्हा उलट बोलल्या. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडातल्या प्रयोगांत असे दिसले, की सुंता केलेल्या पुरुषांना स्त्रियांकडून होणारा एचआयव्हीचा संसर्ग सुमारे ६० टक्क्यांनी घटतो. त्यावरून मार्च २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि यूएनएड्स यांनी साथग्रस्त देशांत सुंतेची शिफारस केली. युनिसेफ ही यूएनएड्सची सहप्रायोजक आहे. प्रयोग प्रौढांवर झाले होते, पण २०१० मध्ये तान्ह्या मुलांच्या सुंतेची पुस्तिकाही निघाली. २०२० च्या मार्गदर्शनात मात्र भर पुन्हा १५ वर्षांवरील मुलांवर आला. संमती देता येईल अशा वयावर, असे म्हणायला हरकत नाही.

युरोपात वादाला तोंड फुटले ते कोलोन शहरात. चार वर्षांच्या मुसलमान मुलाची डॉक्टरने सुंता केली. दोन दिवसांनी रक्त थांबेना म्हणून त्याला इस्पितळात न्यावे लागले. ७ मे २०१२ रोजी न्यायालयाने म्हटले, आईबापांची संमती असली तरी ही शारीरिक इजाच आहे. डॉक्टर सुटला, कारण कायदा संदिग्ध होता. पण ज्यू आणि मुसलमान समाज हादरले. ज्यूंमध्ये आठव्या दिवशी सुंता हा देवाशी झालेला करार आहे. नाझी राजवटीच्या आठवणी असलेल्या जर्मनीत ज्यूंना ‘हे बंद करा’ असे कोण सांगणार? डिसेंबर २०१२ मध्ये जर्मन संसदेने सुंतेला परवानगी देणारा कायदा केला. पुढच्याच वर्षी, ३० सप्टेंबर २०१३ रोजी, नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड आणि आइसलँड या देशांच्या बालहक्क लोकपालांनी ऑस्लोत संयुक्त निवेदन काढले. वैद्यकीय गरज नसताना अल्पवयीन मुलाची सुंता करू नये, मोठा झाल्यावर त्याला ठरवू द्यावे. आधार कोणता? तेच चोविसावे कलम, तेच तिसरे उपकलम. मुली डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले वाक्य आता मुलग्यांसाठी वाचले गेले. सरकारांनी मात्र ते मानले नाही. नॉर्वेने डॉक्टरांच्या देखरेखीचा कायदा केला. आइसलँडमध्ये २०१८ मध्ये बंदीचे विधेयक आले आणि संमत न होताच राहिले.

दोन्ही इजा सारख्या आहेत असे मी म्हणत नाही. सुदानमधल्या मुलीची जखम आणि इस्पितळात झालेली मुलग्याची सुंता यांची तुलना करणे त्या मुलीवर अन्याय आहे. पण लोकपालांचा प्रश्न जखमेच्या खोलीचा नव्हताच. अंग कोणाचे, हा होता.

हा प्रश्न आपल्या मुंबईतही येऊन पोचला आहे. दाऊदी बोहरा समाजात मुलीचा साधारण सातव्या वर्षी ‘खतना’ करतात. रेहाना घडियाली यांनी ‘मानुषी’ नियतकालिकात त्यावर १९९१ मध्येच लिहिले होते. २०१५ मध्ये मुंबईत ‘सहियो’ ही संघटना उभी राहिली आणि बोहरा स्त्रिया स्वतःच्या नावानिशी बोलू लागल्या. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका आली. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने त्या डिसेंबरात सांगितले, की अशा चालीची अधिकृत आकडेवारी उपलब्ध नाही. पुढच्या वर्षी केंद्राने याचिकेच्या बाजूने उभे राहून बंदीला पाठिंबा दिला. खतन्याचे समर्थन करणाऱ्या बोहरा स्त्रियांच्या एका संघटनेच्या वतीने तेव्हा न्यायालयात विचारले गेले, की मुलग्यांची सुंता चालते, तर आमच्या मुलींचा हा किरकोळ विधी का चालू नये? लोकपालांनी मुलींच्या नियमावरून मुलग्यांकडे बोट दाखवले होते. इथे मुलग्यांच्या सवलतीवरून मुलींसाठी सवलत मागितली गेली. सप्टेंबर २०१८ मध्ये प्रकरण घटनापीठाकडे गेले, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये शबरीमलाच्या निकालाबरोबर त्यातले प्रश्न आणखी मोठ्या पीठाकडे. याचिका दाखल झाली तेव्हा सात वर्षांच्या असलेल्या मुलींनी त्यानंतर शाळेची बरीच वर्षे पार केली आहेत.