टिनामू, बुटका

(टाओनिस्कस नानुस). मध्य ब्राझीलमधील सेराडो या सवाना प्रदेशात राहणारा, टिनामू कुळातला अगदी लहान पक्षी. लांबी सुमारे 15 सेंमी. अंगलोट लाव्यासारखी, पण ते साम्य फसवे आहे. टिनामूंचे खरे भाऊबंद म्हणजे रिआ, शहामृग यांसारखे न उडणारे पक्षी. टिनामूंना उडता येते, मात्र शरीराच्या मानाने हृदय फार लहान असल्याने ते लवकर दमतात. त्यामुळे धोक्याची चाहूल लागली तरी बुटका टिनामू सहसा उडत नाही. गवतात दबून राहतो. टेमिंक या डच पक्षिशास्त्रज्ञाने 1815 मध्ये त्याचे वर्णन केले. त्यानंतरच्या दोन शतकांत त्याच्या नोंदी तुरळकच झाल्या.

नोंदी थोड्या म्हणून पक्षीही थोडे, हा हिशेब इथे चालत नाही. त्याची शीळ इतकी बारीक व किरकिरी असते की ऐकणाऱ्याला ती एखाद्या किड्याची वाटावी. गुडघाभर गवतात लपलेला आणि रातकिड्यांच्या आवाजात मिसळून जाणारा पक्षी गणनेत निसटणारच. मग त्याला संकटग्रस्त ठरवणे घाईचे नव्हे काय? आक्षेप रास्त आहे, पण तो पक्ष्यांच्या मोजदादीला लागू पडतो, जमिनीच्या नव्हे. सुमारे 20 लाख चौ. किमी. पसरलेल्या सेराडोपैकी जवळजवळ निम्म्या भागावर आज सोयाबीन, ऊस आणि पेरलेली कुरणे आहेत. पक्षी लपू शकतो, नांगरलेले पठार लपत नाही. कायदाही जंगलाला झुकते माप देतो: अॅमेझॉनच्या वनक्षेत्रातील खाजगी मालकाने 80 टक्के जमीन राखायची, तर सेराडोच्या बहुतांश भागात 20 टक्के पुरतात. (उघडे गवत म्हणजे पडीक जमीन, ही समजूत महाराष्ट्रातील माळरानांच्याही वाट्याला आली आहेच.)

राखीव उद्याने आहेत, मग चिंता कशाला, असेही विचारता येईल. पण लांब न उडणाऱ्या पक्ष्याला सोयाबीनच्या शेतांनी वेढलेले उद्यान म्हणजे बेटच. तिथली संख्या घटली तर बाहेरून भर पडणे कठीण. शिवाय नुसते कुंपण पुरत नाही. सेराडोतील गवताला अधूनमधून लागणाऱ्या आगीची सवय आहे. वणवा कायमचा रोखला की झुडपे दाटतात आणि नांगर न फिरताही मोकळे गवत आक्रसत जाते.