अकोल्याच्या डांगाणातील महादेव कोळी समाजाचे पारंपरिक जीवन : नोंदींच्या आधारे एक अभ्यास

अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्याची ओळख अवर्षणप्रवण जिल्हा अशी आहे. अकोले तालुक्याचा पश्चिम भाग मात्र या ओळखीत बसत नाही. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड यांच्या कुशीतील या प्रदेशाला स्थानिक लोक ‘डांगाण’ म्हणतात. जिल्ह्याच्या पूर्व भागात वर्षाकाठी पाचशे-सहाशे मिलिमीटर पावसाची वाट पाहावी लागते, तर घाटघर-रतनवाडीच्या परिसरात तो काही हजार मिलिमीटर कोसळतो. या पावसाशी आणि उताराच्या पातळ मातीशी जुळवून घेत महादेव कोळी व ठाकर या आदिवासी समाजांनी आपली जीवनपद्धती घडविली. त्यांपैकी महादेव कोळी समाजाच्या दैनंदिन जीवनाचा व त्याविषयीच्या लिखित नोंदींचा विचार येथे केला आहे.

या समाजाविषयीचे पहिले विस्तृत लेखन कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश याचे असून ते १८३० च्या दशकात प्रसिद्ध झाले. पुढे १८८४ च्या अहमदनगर गॅझेटिअरने त्यातील बराच मजकूर उचलला आणि नंतरच्या अभ्यासकांनी तो गॅझेटिअरमधून घेतला. मॅकिंटॉश हा मानववंशशास्त्रज्ञ नव्हता. १८२९-३० मध्ये रामजी भांगरे, रामा किरवा आदींच्या नेतृत्वाखाली झालेला कोळ्यांचा उठाव मोडून काढण्याच्या कामगिरीवर असलेला तो लष्करी अधिकारी होता. ज्यांचा माग काढायचा त्यांची कुळे, नातीगोती, वाटा व देवस्थाने ठाऊक असणे ही त्याची व्यावसायिक गरज होती. रामजींचे पुत्र राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. तोवर ‘कोळी’ या शब्दाला सरकारी दप्तरात ‘बंडखोर’ हा अर्थ पक्का चिकटला होता. तरीही मॅकिंटॉशचे लेखन टाकाऊ ठरत नाही. उलट, नजर ठेवण्याच्या हेतूने पाहणाऱ्या माणसाने बारकावे पुष्कळ टिपले आहेत. ते वाचताना हेतू वेगळा काढून तपशील घ्यावा लागतो, इतकेच.

त्याने नोंदविलेली ‘गोतारणी’ ही जातपंचायत या दृष्टीने लक्षणीय आहे. तीत सहा वंशपरंपरागत अधिकारी असत. रगतवान हा प्रमुख व मेटल हा त्याचा साहाय्यक. सबला गावोगाव फिरून लोकांच्या वर्तनाची चौकशी करी. ढाल्या अपराध्याच्या दारावर झाडाची डहाळी लावी, तर हडक्या तेथे मेलेल्या गाईचे हाड बांधी. या हाडाने तो माणूस वाळीत पडे. मडक्या हा शुद्धीकरणावर देखरेख करी आणि त्या घरातील मातीची भांडी ताब्यात घेई. म्हणजेच पश्चात्ताप झालेल्या कुटुंबाला परत समाजात घेताना त्याच्या चुलीपासून नवा आरंभ करावा लागे. तुरुंग, साखळदंड वा वधस्तंभ यांची गरज नसलेली ही न्यायव्यवस्था होती. ती सौम्य होती असे मात्र म्हणता येत नाही. ज्या डोंगरात सावडीशिवाय, म्हणजे परस्परांच्या शेतावर आळीपाळीने राबल्याशिवाय, भाताची लावणी उरकत नाही, तेथे वाळीत टाकणे म्हणजे उपासमारच. जी. एस. घुर्ये यांचा १९५७ मधील ग्रंथ आणि याच समाजातून आलेल्या डॉ. गोविंद गारे यांचे लेखन यांमुळे पुढे या समाजाचे चित्र पुष्कळ भरून निघाले.

दैनंदिन जीवनाचा कणा अर्थातच शेती. फाल्गुनापासून राबाची तयारी सुरू होते. रोपांसाठी राखलेल्या तुकड्यावर शेण, तोडलेल्या फांद्या, पालापाचोळा व गवत यांचे थर रचून त्यावर माती पसरतात आणि उन्हाळ्यात ते भाजतात. भाजणीने तणाचे बी मरते, राखेचे खत मिळते आणि पहिल्या पावसात रोप तरारून येते. खाचरात भात लावला जातो. उतारावरच्या वरकस जमिनीत एका वर्षी नागली, पुढे वरई, त्यानंतर खुरासणी अशी पिके घेऊन ती जमीन काही वर्षे पडीक ठेवतात. हे पडीक राहणे शेतीचाच भाग असते, हे येथे विशेष ध्यानात घ्यावयास हवे. कारण पुढच्या सर्व तंट्यांचे मूळ तेथेच आहे.

घरही डोंगरानेच पुरविलेले असे. कारवीच्या काठ्यांचे कूड, त्यांवर शेणमातीचा गिलावा आणि वर गवताचे वा भाताच्या पेंढ्याचे छप्पर. धान्याची कणगीही तशीच विणून लिंपलेली. बियाणे राखेत मिसळून वेगळे ठेवण्याचे काम स्त्रियांचे. पावसाळ्यात डोक्यावर पानांचे इरले किंवा घोंगडी. रोजच्या जेवणात नागलीची भाकरी, वरईचा भात आणि हंगामाप्रमाणे कुर्डू, चाई, भारंगी यांसारख्या रानभाज्या. पहिल्या पावसात ओढ्याला चढणारे मासे व खेकडे हे जुन्या साठ्यावर गुजराण करणाऱ्या घरांना मोठा आधार देत. हिरडा गोळा करून विकणे हा रोख पैशाचा मार्ग होता आणि आजही काही प्रमाणात आहे. गोठ्यात डांगी गुरे असत. अंगावरील तेलकट स्रावामुळे मुसळधार पावसात टिकणारी ही जात याच पट्ट्यातली. राजूरचे डांगी जनावरांचे प्रदर्शन तिच्यामुळेच प्रसिद्ध आहे.

गुरांच्या जीवनाशी देवधर्म बांधलेला आहे. दिवाळीच्या आरंभी वाघबारसेला गुराखी वाघोबाच्या दगडापाशी जमतात आणि नैवेद्य दाखवितात. गुरे खाणाऱ्या श्वापदालाच गुरांचे रक्षण मागावे, यात शहरी वाचकाला विसंगती वाटेल. वाघासह राहण्यावाचून ज्यांना पर्याय नव्हता त्यांना ती कधी वाटली नसावी. कणसरी ही धान्याची देवता; नवे पीक तिला दाखविल्यावाचून खाऊ नये असा संकेत. कळसूबाईच्या शिखरावर नवरात्रात यात्रा भरते. कांबडनाच, बोहाडा यांतील ताल व सोंगे हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

अन्य खंडांतील मूलनिवासींच्या इतिहासाशी तुलना केल्यास नोंदींचा हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. उत्तर अमेरिकेच्या ईशान्य भागातील अल्गाँक्वियन भाषाकुलातील लोकांचे जुने दैनंदिन जीवन प्रामुख्याने इंग्रज व फ्रेंच आगंतुकांच्या लेखनातून कळते. रॉजर विल्यम्स याने १६४३ मध्ये नॅरागॅन्सेट भाषेवर पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात शब्दांच्या निमित्ताने घर, अन्न, शेती, प्रवास यांचे चित्र आले आहे. तेथेही मका, घेवडा व भोपळा एकत्र पेरला जाई आणि रानातील खुरटी झाडोरी ठरावीक काळाने जाळली जाई. ओजिब्वे लोक होडीत बसून रानतांदळाच्या लोंब्या काठीने झोडपतात तेव्हा काही दाणे पाण्यात पडतात आणि त्यांतून पुढचे पीक उगवते. नवागतांना अशी जमीन ‘मोकळी’ दिसली, कारण तिला कुंपण नव्हते. विल्यम्स याने मूलनिवासींचा जमिनीवरील हक्क मान्य केला होता, हा त्याच्यातील आणि मॅकिंटॉशमधील महत्त्वाचा फरक.

डांगाणात कुंपणाची जागा वनखात्याच्या सीमाखुणांनी घेतली. १८७८ च्या वन कायद्यानंतर राबासाठी फांद्या तोडणे हा वादाचा विषय झाला. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत तर तो इतका पेटला की मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. १९१० मध्ये प्रवरेवर भंडारदऱ्याचे काम सुरू होऊन १९२६ मध्ये धरण पूर्ण झाले. त्याच्या पाण्यावर खालच्या भागात ऊस उभा राहिला, साखर कारखानदारी वाढली; जिल्ह्याच्या समृद्धीचा इतिहास बहुधा येथूनच सांगितला जातो. वरच्या अंगाची खाचरे पाण्याखाली गेली, हा भाग त्यात क्वचितच येतो. १९८६ मध्ये कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य घोषित झाले. संकरित बियाणे आले तशी कणगीतील जुनी वाणे मागे पडली. सुगी संपली की जुन्नर-नारायणगावच्या बागायती पट्ट्यात मजुरीला जाणे हे अनेक कुटुंबांचे नवे वेळापत्रक झाले. कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी घरातच उभारलेल्या बियाणे संग्रहाला २०२० मध्ये पद्मश्रीने मान्यता मिळाली, तेव्हा राखेतल्या बियाण्याची जुनी रीत ही विद्या होती हे अनेकांच्या प्रथमच लक्षात आले.

२००६ च्या वनहक्क कायद्याने या साऱ्या तपशिलाला वेगळे मोल दिले आहे. त्याखालील २००८ च्या नियमांत पुरावा म्हणून गावातील वृद्धांचे जबाब, विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थाने यांच्याबरोबरच गॅझेटिअरसारखी सरकारी कागदपत्रेही ग्राह्य धरली आहेत. म्हणजे ज्या टिपणांचा उगम बंडखोरांचा माग काढण्यात होता, तीच आज त्यांच्या वंशजांच्या दाव्याला जोडता येतात. अडचण एवढीच की पडीक ठेवलेली वरकस जमीन जुन्या दप्तरात लागवडीखाली दिसत नाही. तिथे नागली होती हे सांगायला वृद्धांचा जबाब लागतो, आणि असे जबाब देऊ शकणारी पिढी डांगाणातील वाड्यांवर आता मोजकीच उरली आहे.