निळ्या ड्रेसिंगचे कुळ

अमेरिकेत सॅलडवर घालावयाच्या ज्या ड्रेसिंगला आज सरसकट ‘ब्लू चीज’ म्हणतात, त्याचे प्रकार पाककृतींच्या पुस्तकांत मेयोनेझ, व्हिनेगर आणि ताक यांच्या प्रमाणावरून सांगितले जातात. माझ्या मते मात्र त्यांतील खरा भेद, पदार्थ वाडग्यात पडण्याच्या कितीतरी आधी, दूध कोणत्या जनावराचे आणि बुरशी कोणत्या हवेत वाढली, यावरच ठरून गेलेला असतो.

या कुळाचा मूळपुरुष दक्षिण फ्रान्समधील रोकफोर गावचे त्याच नावाचे चीज. तेथील कोंबालू डोंगराचा कडा प्राचीन काळी ढासळला, त्याच्या पोटात गुहा निर्माण झाल्या, आणि खडकांतील ज्या भेगांना तिकडचे लोक ‘फ्लूरीन’ म्हणतात त्यांतून थंड, दमट हवा बारमाही खेळू लागली. लाकोन जातीच्या मेंढ्यांच्या कच्च्या दुधाचे चीज करून त्यात, परंपरेने राय धान्याच्या पावावर वाढविलेली, बुरशी घालतात, सुयांनी त्यास आरपार छिद्रे पाडतात आणि या गुहांत ते मुरत ठेवतात; छिद्रांतून शिरणाऱ्या हवेवर बुरशी पोसते, स्निग्धांशाचे विघटन करते, आणि त्या विघटनातूनच या चीजचा उग्र गंध व जिभेवरची चुरचुर उत्पन्न होते. सहाव्या चार्ल्स राजाने १४११ साली हे चीज मुरविण्याची मक्तेदारी सनदेने या गावास बहाल केली, १६६६ साली तुलूझच्या न्यायसभेने नकली मालाविरुद्ध हुकूम काढला, आणि १९२५ साली फ्रेंच कायद्याने त्या नावास कायमचे संरक्षण दिले.

तेल आणि व्हिनेगर यांत रोकफोर काट्याने कुस्करले की त्याचे काही कण विरघळून रस दुधाळ होतो, काही तसेच राहतात, आणि मेंढीच्या दुधाचा खारट कस पानापानाला लागतो. या जातीचा मी पक्षपाती आहे. इटलीचे मऊ गोर्गोन्झोला मात्र ढवळताच मिसळून जाते, म्हणून त्याचे ड्रेसिंग सौम्य. आयोवा संस्थानातील न्यूटन गावी १९४१ साली मेटॅग कुटुंबाने, त्या संस्थानातील विद्यापीठाने शोधलेल्या पद्धतीने, गाईच्या दुधाचा स्निग्धांश एकजीव करून निळे चीज काढले, आणि १९५३ साली रोकफोर या नावाची अमेरिकेतही अधिकृत नोंद झाल्यावर, गाईच्या दुधाच्या चीजला आणि पर्यायाने त्याच्या ड्रेसिंगलाही, त्या नावाखाली वावरण्यास वाव उरला नाही.

मेयोनेझ आणि आंबट सायीतले दाट ड्रेसिंग मला सॅलडवर जड वाटते, परंतु न्यूयॉर्क संस्थानातील बफेलो शहरी, अँकर बार या खाणावळीत, टेरेसा बेलिसिमो यांनी १९६४ साली लोणी व लाल मिरचीच्या सॉसमध्ये घोळविलेल्या कोंबडीच्या पंखांसोबत सेलरी आणि हेच ड्रेसिंग वाढले, तेव्हा त्याला त्याचे योग्य स्थान लाभले. तेथे तेल-व्हिनेगरचे पातळ रोकफोर पंखांवरून ओघळून गेले असते, आणि तिखटाने पोळलेल्या जिभेला थंडावा मिळाला नसता.